तालीम



'तालीम' हा शब्द तुमच्या रोजच्या बोलण्यातला आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. हा शब्द मूळचा अरबी. पुष्कळ वर्षांपूर्वी तो मराठीतही आला आणि येथेच राहिला. मात्र मराठीत त्याचा अर्थ थोडा बदलला. पैलवान जेथे जोर-बैठका काढतात, कुस्तीचे डाव शिकतात, त्या जागेला मराठीत तालीम म्हणतात. कोल्हापुरात अशा जुन्या तालमी आजही आहेत. नाटक लोकांपुढे आणण्याआधी नट ते पुन्हा पुन्हा करून पाहतात. त्यालाही तालीम म्हणतात. आणि प्रयोगाच्या आधी पोशाख, दिवे, पडदे असे सगळे लावून जी शेवटची तालीम होते, तिला 'रंगीत तालीम' असे नाव आहे.

मालेगावच्या एका उर्दू शाळेत मी अनेक वर्षे मराठी शिकवत आहे. परीक्षा जवळ आली की मुले विचारतात, "सर, अभ्यास कसा करायचा?" तेव्हा मी त्यांना या शब्दाची गोष्ट सांगतो. उर्दूतली तालीम हवी असेल, तर मराठीतली तालीम करावी लागते. आज हेच मी तुम्हांला थोडे सविस्तर सांगणार आहे.

आखाड्याच्या कडेला बसून दुसऱ्यांच्या कुस्त्या पाहिल्याने कोणी पैलवान होत नाही. पाहताना डाव कळतो, पण तो अंगात उतरत नाही. पुस्तक वाचत राहणे हे कडेला बसून कुस्ती पाहण्यासारखे आहे. परीक्षेच्या दिवशी पुस्तक जवळ नसते. त्या दिवशी आपल्यालाच मातीत उतरायचे असते. मग त्याची सवय आधी नको का?

दहा वेळा वाचणारी मुलगी

२०२२ सालची गोष्ट. आमच्या शाळेत दहावीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचे नाव मी येथे सांगत नाही. तिच्या घराला लागूनच यंत्रमागांचा कारखाना होता. वडील त्या कारखान्यात मागावर काम करीत. आई घरी कांड्या भरी. मोठा भाऊ नववीत नापास झाला आणि तोही मागावर गेला. घरात ठरले होते की, ही दहावी पास झाली तर पुढे शिकेल, नाही तर तिची शाळा संपली.

सहामाही परीक्षेत तिला मराठीत ८० पैकी १९ गुण मिळाले.

ती आळशी नव्हती. रोज पहाटे उठून ती अभ्यासाला बसे. तिच्या वह्या स्वच्छ होत्या. पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीखाली तिने पेन्सिलीने रेघ ओढली होती. उत्तरपत्रिका मिळाल्यावर ती माझ्याजवळ आली आणि खालमानेने म्हणाली, "सर, मी प्रत्येक धडा दहा-दहा वेळा वाचते. तरी पेपर हातात आला की काहीच आठवत नाही. माझे डोकेच कच्चे आहे का?"

मित्रांनो, हा प्रश्न मी दर वर्षी ऐकतो. मेहनत करूनही गुण मिळाले नाहीत, की मूल स्वतःलाच 'ढ' समजू लागते. मग त्याचे मन अभ्यासातून उठते. नापास होण्यापेक्षाही हे नुकसान मोठे आहे.

मी तिला विचारले, "बेटा, काल कोणता धडा वाचलास?" तिने नाव सांगितले. मी म्हणालो, "आता पुस्तक मिट आणि तो धडा मला सांग. मराठीत जमत नसेल तर उर्दूत सांग." तिने सुरुवात केली. चार-पाच वाक्ये झाली आणि ती थांबली. मग मी पुस्तक उघडायला सांगितले. पान पाहताच ती म्हणाली, "सर, हे तर मला सगळे येते!"

पान समोर असताना येते आणि पान मिटले की येत नाही, असे का होते? कारण ओळखणे वेगळे आणि आठवणे वेगळे. रस्त्यात एखादा माणूस भेटतो. चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या आठवत नाही. दहा वेळा वाचलेला धडाही असाच ओळखीचा होतो. आपल्याला वाटते, तो पाठ झाला. परीक्षेत मात्र चेहरा समोर नसतो. तेथे नावच सांगावे लागते.

पुस्तक मिटण्याची तालीम

ही केवळ माझी समजूत नाही. अमेरिकेतील सेंट लुई शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा दिला. काही विद्यार्थ्यांनी तो चार बैठकांमध्ये वाचला, पुन्हा पुन्हा वाचला. तेवढ्या वेळात त्यांची सरासरी सुमारे १४ वाचने झाली. दुसऱ्या काही विद्यार्थ्यांनी तो फक्त पहिल्या बैठकीत वाचला. त्यांची वाचने तीन-चारच झाली. उरलेल्या तीन बैठकांत त्यांनी उतारा न पाहता, जे आठवेल ते कागदावर लिहिले.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांना उताऱ्यातील ८३ टक्के गोष्टी आठवल्या, तर लिहून पाहणाऱ्यांना ७१ टक्के. पण एका आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पारडे उलटले. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना ४० टक्केच आठवले. आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के आठवले. गंमत अशी की, 'आपल्याला हे चांगले आठवेल' असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

म्हणजे आठवण्याचा प्रयत्न ही केवळ परीक्षा नाही. तोच खरा अभ्यास आहे. डोक्याला ताण देऊन एखादी गोष्ट बाहेर काढली की ती पुढच्या वेळी लवकर सापडते. जोर काढताना पैलवानाचे दंड दुखतात. त्या दुखण्यातूनच ते भरतात. पुस्तक मिटल्यावर काही आठवेना, तर घाबरू नका. तुमची तालीम सुरू झाली आहे, एवढेच समजा.

मी त्या मुलीला चार शब्द लिहून दिले: वाचा, मिटा, सांगा, ताडा. धडा एकदा नीट समजून वाचायचा. न कळलेल्या शब्दांचे अर्थ आधी विचारून घ्यायचे, कारण न कळलेले पाठ करणे म्हणजे चाळणीत पाणी भरणे. मग पुस्तक मिटायचे. धड्यात काय आहे ते आपल्या शब्दांत सांगायचे किंवा लिहायचे. शेवटी पुस्तक उघडून ताडून पाहायचे. जे सुटले असेल तेवढ्याखालीच रेघ ओढायची आणि तेवढेच पुन्हा वाचायचे. पहिल्या आठवड्यात तिला याचा फार कंटाळा आला. दहा वेळा वाचण्यापेक्षा एकदा आठवणे कठीण असते.

सबक आणि आमुख्ता

आता दुसरी गोष्ट. आज आठवलेले पुढच्या महिन्यात आठवेल का?

जर्मनीत हेर्मान एबिंगहाउस नावाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले. माणूस किती वेगाने विसरतो, हे त्यांनी स्वतःवरच प्रयोग करून मोजले. अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्या ते पाठ करीत आणि ठरावीक वेळाने त्या किती लक्षात राहिल्या ते तपासत. १८८५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष छापले. त्यांच्या मोजणीप्रमाणे एका तासात अर्ध्याहून अधिक विसरले जात होते आणि एका दिवसात सुमारे दोन तृतीयांश. त्यानंतर मात्र विसरण्याचा वेग मंद होत होता. आपले धडे अर्थपूर्ण असतात, म्हणून आपण इतक्या लवकर विसरत नाही. पण रीत तीच आहे. विसरणे सुरुवातीलाच जास्त असते. एबिंगहाउस यांना आणखी एक गोष्ट आढळली. तेवढीच उजळणी एका दमात करण्यापेक्षा काही दिवसांत विभागून केली, तर ती जास्त उपयोगी पडते.

ही गोष्ट तुम्हांला नवी वाटू नये. तुमच्या घरात किंवा मोहल्ल्यात कोणी हाफिज असतील. त्यांनी एवढा मोठा ग्रंथ कसा पाठ केला, हे त्यांना विचारा. ते तीन शब्द सांगतील: सबक, सबक-पारा आणि आमुख्ता. सबक म्हणजे आजचा नवा भाग. सबक-पारा म्हणजे नुकत्याच झालेल्या भागाची उजळणी. आमुख्ता म्हणजे फार पूर्वी पाठ केलेल्या भागाची, आळीपाळीने रोज थोडीथोडी उजळणी. काही ठिकाणी तिला मंझिल असेही म्हणतात. आणि हे सगळे न पाहता उस्तादांना ऐकवायचे असते. आठवणे आणि ठरावीक अंतराने आठवणे, दोन्ही गोष्टी त्यात आहेत. ही पद्धत मदरशात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती भूगोलाला आणि विज्ञानालाही चालते.

आमच्या विद्यार्थिनीचा लहान चुलतभाऊ हिफ्ज करीत होता. त्यामुळे तिला हे लगेच पटले. तिने रोजच्या अभ्यासाचे तीन भाग केले. पहिला भाग आजच्या नव्या धड्याचा. दुसरा भाग या आठवड्यातल्या धड्यांचा. तिसरा भाग जुन्यातल्या एका धड्याचा. एकूण वेळ तिने वाढवला नाही. पूर्वी तीन तास बसत होती, आताही तेवढीच बसे. वेळेची वाटणी मात्र बदलली. थेंबे थेंबे तळे साचे, अशी मराठीत म्हण आहे. उर्दूतही कतऱ्याकतऱ्याने दर्या होतो, असे तुम्ही म्हणताच.

मोठ्याने सांगा

अभ्यास करताना तोंड मिटून बसू नका. इब्न खल्दून या थोर इतिहासकाराचे नाव तुम्ही ऐकले असेल. १३३२ मध्ये ते ट्युनिस येथे जन्मले. १३७७ मध्ये लिहिलेल्या 'मुकद्दमा' या ग्रंथात त्यांनी शिक्षणाविषयीही लिहिले आहे. ते सांगतात की, काही विद्यार्थी वर्षानुवर्षे पाठाला हजर राहतात, पुष्कळ पाठही करतात, पण गप्प बसतात. चर्चा करीत नाहीत. त्यामुळे त्यांना विद्येवर ताबा मिळत नाही. त्या काळी मोरोक्कोत मदरशातला मुक्काम १६ वर्षांचा असे आणि ट्युनिसमध्ये ५ वर्षांचा. हा जास्तीचा काळ चांगल्या शिकवणीच्या अभावामुळे लागतो, असे त्यांचे मत होते. विषय बोलून दाखवणे आणि त्यावर चर्चा करणे हा विद्या अंगी बाणवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे, असे त्यांनी सांगितले. या गोष्टीला साडेसहाशे वर्षे होत आली. ती आजही खरी आहे.

आमच्या मुलीच्या घरी मागांची खटखट दिवसभर चाले. शांत जागा कोठून आणणार? तेव्हा तिने त्या आवाजाचाच फायदा घेतला. आईजवळ बसून कांड्या भरताना ती आईला धडे सांगू लागली. अगदी मोठ्याने, कारण मोठ्याने बोलल्याशिवाय तेथे ऐकूच येत नसे. आईला मराठी फारसे कळत नव्हते. म्हणून प्रत्येक वाक्यानंतर ती अर्थ विचारी आणि मुलीला तो उर्दूत समजावून सांगावा लागे. एके दिवशी आईने विचारले, "पण त्या माणसाने असे का केले?" मुलीला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी ती तो प्रश्न घेऊन माझ्याकडे आली. तो धडा तिने दहा वेळा वाचला होता, पण हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

तुम्हांलाही असा ऐकणारा कोणीतरी शोधता येईल. धाकटे भावंड चालेल, दादी चालेल, वर्गातला मित्र चालेल. दोन मित्रांनी एकमेकांना प्रश्न विचारणे तर फारच चांगले. कोणीच नसेल तर भिंतीला सांगा. भिंत प्रश्न विचारत नाही, एवढाच तोटा.

मराठीचा अभ्यास

आता तुमच्या-आमच्या विषयाकडे वळू. पुष्कळ मुलांना मराठीची भीती वाटते. तिचे कारण नाही. तारीख, हजेरी, कागद, मेहनत, मदत, फायदा, नुकसान, दुकान, अर्ज, हिशेब, जबाबदारी हे सगळे शब्द मराठीत आहेत आणि ते तुम्ही घरूनच घेऊन आला आहात. एवढे भांडवल हाताशी असताना घाबरायचे कशाला?

मात्र काही शब्दांपासून सावध राहा. दिसतात आपले, पण अर्थ वेगळा असतो. 'तालीम' हा शब्द आपण पाहिलाच. उर्दूत 'खाली' म्हणजे रिकामे. मराठीत 'खाली' म्हणजे नीचे. 'खाली दिलेल्या प्रश्नांची उत्तरे लिहा' असे प्रश्नपत्रिकेत असते, ते म्हणूनच. उर्दूत 'खुलासा' म्हणजे सारांश. मराठीत 'खुलासा' म्हणजे स्पष्टीकरण. तुम्हांला जो खुलासा वाटतो, त्याला मराठीत सारांशच म्हणायचे. 'रजा' म्हणजे उर्दूत मर्जी, मराठीत सुट्टी. आणि 'गोष्ट' हा शब्द पहिल्यांदा ऐकून वर्गात हशा पिकतो, हे मला ठाऊक आहे. ती गोष्ट सांगायची असते, शिजवायची नसते. अशा शब्दांची वेगळी यादी करा.

दुसरी अडचण लिंगाची. उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन. 'किताब' स्त्रीलिंगी, पण 'पुस्तक' नपुंसकलिंगी. म्हणून शब्द कधी एकटा पाठ करू नका. त्याच्यामागे 'माझा', 'माझी', 'माझे' लावूनच म्हणा. माझा कागद, माझी वही, माझे पुस्तक. पन्नास शब्द असे म्हणा, म्हणजे व्याकरणाचा नियम न घोकता तोंडात बसेल.

शब्द पाठ करण्यासाठी एक साधी युक्ती आहे. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये ती आपल्या पुस्तकात सांगितली. तिला पैसे लागत नाहीत. जुन्या वहीचे कोरे कागद कापून चिठ्ठ्या करा. एका बाजूला मराठी शब्द लिहा, दुसऱ्या बाजूला उर्दू अर्थ. चपलेच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठे लावून तीन कप्पे करा. सगळ्या चिठ्ठ्या पहिल्या कप्प्यात ठेवा. तो कप्पा रोज पाहायचा. अर्थ बरोबर सांगितला की चिठ्ठी दुसऱ्या कप्प्यात जाईल. तो तीन दिवसांनी पाहायचा. तेथेही बरोबर आली की तिसऱ्या कप्प्यात. तो आठवड्याने पाहायचा. चुकली की मात्र कोणत्याही कप्प्यातून थेट पहिल्या कप्प्यात. याचा फायदा असा की, जे येते त्यावर वेळ जात नाही आणि जे येत नाही ते रोज समोर येते. त्या मुलीच्या खोक्यात फेब्रुवारीपर्यंत तीनशेहून अधिक चिठ्ठ्या झाल्या होत्या.

गणिताबद्दल थोडेच सांगतो. सोडवलेले उदाहरण पाहून मान डोलावू नका. पुस्तक मिटून तेच उदाहरण कोऱ्या कागदावर सोडवा. आणि एकाच प्रकारची वीस उदाहरणे ओळीने सोडवण्यापेक्षा वेगवेगळ्या प्रकरणांतली मिसळून सोडवा. येथे कोणती रीत लावायची, हे परीक्षेत कोणी सांगत नाही. ते ओळखण्याचीही तालीम हवी.

रंगीत तालीम

मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी मोहल्ला शांत असतो. आमच्या विद्यार्थिनीने शुक्रवारचे तीन तास राखून ठेवले. जुनी प्रश्नपत्रिका समोर, घड्याळ समोर, पुस्तक दूर. ही तिची रंगीत तालीम होती.

दहावीची मराठीची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि तीन तासांची असते. तीन तास म्हणजे १८० मिनिटे. शेवटची २० मिनिटे तपासण्यासाठी ठेवा. उरली १६०. म्हणजे एका गुणाला दोन मिनिटे. चार गुणांच्या उत्तराला आठ मिनिटे. हा हिशेब लक्षात ठेवला, तर पहिल्याच उत्तरात अर्धा तास जात नाही. पण नुसता हिशेब कळून भागत नाही. हाताला त्या वेगाची सवय लागावी लागते. पहिल्या शुक्रवारी तिचे तीन प्रश्न राहून गेले. पाचव्या शुक्रवारी पेपर पूर्ण झाला.

लिहून झाल्यावर उत्तरे स्वतः तपासा किंवा शिक्षकांना दाखवा. चुका एका वहीत लिहून ठेवा. परीक्षेच्या आधी ही चुकांची वही पाहणे जाडजूड गाईड पाहण्यापेक्षा चांगले. गाईडमधले उत्तर जसेच्या तसे पाठ केले, की प्रश्नातला एक शब्द बदलला तरी आपण अडखळतो. आपल्या शब्दांत लिहिलेले साधे उत्तर तसे अडत नाही.

मार्च २०२३ मध्ये तिची परीक्षा झाली. जूनमध्ये निकाल लागला. मराठीत तिला १०० पैकी ५८ गुण मिळाले. ती शाळेत पहिली आली नाही. गणितात तर जेमतेम पास झाली. पण ती सगळ्या विषयांत पास झाली आणि ठरल्याप्रमाणे पुढे शिकायला गेली. निकालाच्या दिवशी तिचे वडील शाळेत आले होते. मला म्हणाले, "सर, आता मोठ्यालाही सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगतो." मला ५८ गुणांपेक्षा या वाक्याचा आनंद जास्त झाला.

झोप आणि शेवटची रात्र

आणखी एक सांगायचे राहिले. परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नका. दिवसा शिकलेले मनात पक्के बसवण्याचे काम झोपेत चालते. झोप मोडून वाचणे म्हणजे विणलेले कापड रात्रीतून उसवणे. जी मुले वर्षभर थोडेथोडे करतात, त्यांना त्या रात्री फारसे काम उरत नाही. चुकांची वही चाळावी, कंपास-पेन तयार ठेवावे, हॉल तिकीट दप्तरात टाकावे आणि वेळेवर झोपावे.

अभ्यासाच्या वेळी मोबाइल जवळ ठेवू नका. तो वाजला नाही तरी लक्ष त्याच्याकडे जाते. घरात दुसरी खोली नसेल, तर तो अम्मीच्या हवाली करा. आणि सलग चार तास बसण्याचा हट्ट धरू नका. अर्धा-पाऊण तास मन लावून बसा, मग पाच-दहा मिनिटे उठा, पाणी प्या, थोडे फिरा.

मित्रांनो, कोणाला कमी वेळ मिळतो, कोणाला शांत जागा मिळत नाही, कोणाला घरी विचारायला कोणी नसते. या अडचणी खऱ्या आहेत. युक्त्यांनी त्या नाहीशा होत नाहीत. पण जो थोडा वेळ तुमच्या हातात आहे, तो कडेला बसून पाहण्यात घालवायचा की आखाड्यात उतरून, हे तुम्ही ठरवू शकता. आणि मेहनत करूनही गुण मिळाले नाहीत, तर 'माझे डोके कच्चे आहे' असे म्हणण्याआधी आपण अभ्यास कसा केला ते एकदा तपासून पाहा.

हा धडा तुम्ही आता वाचला. तो तुम्हांला कळलाही असेल. पण तो तुमचा झाला का? चला, पाहू. पुस्तक मिटा आणि वहीत तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. ओळखणे आणि आठवणे यांत काय फरक आहे? सबक, सबक-पारा आणि आमुख्ता म्हणजे काय? मराठीत 'खाली' आणि 'खुलासा' यांचे अर्थ काय? मराठीत अडले तर आधी उर्दूत लिहा. मग पुस्तक उघडून ताडून पाहा.

आणि हो, हेच प्रश्न पुढच्या शुक्रवारी स्वतःला पुन्हा विचारायला विसरू नका.